चढाच्या तोंडाशी

बंदरावरून कल्याण गावाकडे येणारा रस्ता दुर्गाडीच्या बाजूला जिथं अंग उचलायला लागतो, तिथं चांद्या थांबला. नेहमीसारखाच थांबला, चारी पाय रोवून, मान थोडी खाली घालून, एक कान मागं टाकून. आणि गुणाजीही नेहमीसारखाच खाली उतरला. कासरा दांडीवर टाकला, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, चांद्याच्या पाठीवर डाव्या अंगानं हात ठेवला आणि म्हणाला, "चल रं लेकरा." चांद्या निघाला. दोघं शेजारी शेजारी, एका दमात, एका चालीत, जशी बारा वर्षं चालत आली होती तशी. अर्धा चढ सरला तेव्हा कुठं गुणाजीच्या ध्यानात आलं, की आज छकड्यात माणूस बसलंय, ते माणूस म्हणजे परवान्याच्या कामावरचे विश्रामराव आहेत, आणि आज आपली परीक्षा आहे.

"गाडीवान," विश्रामराव आतून म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तू आहेस कुठे?"

"हितंच हाय की रावसायेब. बैलापाशी."

"बैलापाशी नव्हे, जागेवर असायला हवास. कासरा हातात हवा. गाडीत उतारू असताना गाडीवानानं जमिनीला पाय लावायचा नाही. सकाळी कचेरीत वाचून दाखवलं ना तुला?"

"व्हय. दाखावलं व्हतं."

"मग?"

वाचून दाखवलेलं गुणाजीनं नीट ऐकलं होतं, मान हलवली होती. पण ते कानानं ऐकलेलं. चढ आला तेव्हा कानाला कुणी विचारलंच नाही. पायांनी परस्पर ठरवलं. विश्रामरावांनी मिटलेली छत्री गुडघ्यांवर आडवी धरली, पगडी सावरली, आणि लहान पोराला समजवावं तसं त्याला समजावलं. दोन सालांमागं याच चढावर एक गाडीवान चिलीम पेटवायला खाली उतरला, बैल बुजला, गाडी मागं घरंगळली ती तिघा उतारूंसकट खाडीच्या चिखलात. तेव्हापासून हा नेम. "नेम मी केला नाही, पण पाळायचा मला आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी पुन्हा ये. बैल थांबता कामा नये, आणि तू उतरता कामा नये. एवढंच राहिलंय. बाकी हात चांगला आहे तुझा." उतरताना चांद्याच्या वशिंडाकडे बघून ते थबकले. "जनावर मात्र देखणं हो," म्हणाले, आणि गेले.

चांगला माणूस. वाईट असता तर बरं झालं असतं, गुणाजीला वाटलं. वाईट माणसाच्या नावानं बोटं मोडता येतात, रात्री अंगणात बसून त्याला चार शिव्या घालता येतात. इथं शिव्या घालायला कुणी नव्हतं. एक चढ होता, एक बैल होता, आणि एक आपण. बाजारपेठेतून रिकामा छकडा घेऊन तो निघाला. दोन्ही बाजूंनी दुकानं, तांदळाची पोती, सुक्या मासळीचा वास. हा वास अजून त्याच्या नाकाला आपला म्हणत नव्हता. शिमग्याला तो घाट उतरून या मुलखात आला, आता ज्येष्ठ लागत आला, तरी अंगावरचा घाम इथं सुकत कसा नाही याचं त्याला रोज नवं कोडं पडे. हवा ओल्या फडक्यासारखी. पाणी मचूळ. माणसं भरभर बोलणारी, बोलता बोलता हसणारी, आणि हसली की आपल्यालाच हसली असं वाटायला लावणारी. कचेरीत पहिल्या दिवशी गाव विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, इगतपुरीच्या अलीकडं, घाटाच्या माथ्याला. विश्रामरावांनी लेखणी थांबवून विचारलं, "अलीकडे का पलीकडे?" गुणाजी गोंधळला. मग त्याला कळलं, आपण अजून घराच्या ओट्यावर उभं राहून बोलतोय. इथून ते पलीकडं. सगळंच आता पलीकडं.

त्या दिवशी जामीन राहायला ठमाबाई आली होती. ठमाबाई मिठागरातली, आगऱ्याची विधवा, पन्नाशीच्या पुढची. मिठानं टाचा फुटलेल्या, आवाज असा की खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावा. तिच्या अंगणातल्या उंबराला गुणाजीनं चांद्या बांधला होता, आणि तिनं त्याला कोण, कुठला, काही न विचारता आधी पेज वाढली होती. कागदावर सहीच्या जागी निशाणी करायची वेळ आली. विश्रामराव म्हणाले, बाईमाणसाची निशाणी बांगडी, बांगडी काढ. ठमाबाईनं दोन्ही उघडे हात त्यांच्या तोंडासमोर धरले. "बांगडी कुठं? ती फुटली त्याला बारा वरसा झाली. मिठाचा फावडा काढतंय, चालंल?" कचेरी हसली. विश्रामरावही हसले, आणि तिनं जीभ दातांत धरून कागदावर फावडं काढलं. मग गुणाजीची पाळी. कुणब्याची निशाणी नांगर, पण नांगर त्याच्या सात पिढ्यांत नव्हता. बाप गाडीवान, आजा गाडीवान. त्यानं जू काढलं. काढून झाल्यावर बघितलं तर ते दोन बैलांचं जू होतं. छकड्याला आता चांद्या एकटाच होता. दुसरा, भिंगऱ्या, गेल्या सालच्या गुरांच्या साथीत गेला. पण हाताला दोघांचंच जू ठाऊक.

"काय झाला रं?" ठमाबाईनं आता त्याला दारातच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "तोंड बगूनच समजला मना. जेव आदी."

तिच्याकडे भिवा बसला होता. भिवा तिच्या नात्यातला, स्टेशनावर त्याच्या तीन गाड्या उभ्या असत, छातीवर परवान्याचा पितळी बिल्ला असा घासून लावलेला की समोरच्यानं त्यात तोंड बघावं. त्यानं सगळं ऐकलं, मांडीवर थाप मारली, पोट धरून हसला.

"अरे घाट्या, बैल तुझा, का तू बैलाचा? चढावर तू उतरनार आन् सेट गाडीन बसनार. उद्या बैल बोलंल, मी दमलू, तू दांडीला लाग!"

"आमच्याकडं आसंच हाय," गुणाजी म्हणाला.

"तुमच्याकडं आगगाडी चढते आता घाट. ती पन उतरवते काय लोकांना, चला रे बाबांनो, चढ आला?"

ठमाबाईही हसली. गुणाजीलाही हसू आलं, कारण बोलणं खोटं नव्हतं. आगगाडी घाट चढायला लागून सोळा वर्षं झाली होती. ती चढायला लागली आणि गाडीवानांच्या वाटेवर हळूहळू गवत उगवलं. आधी कापसाचे गठ्ठे गेले, मग गूळ गेला, मग कांदाही गेला. उरलं ते या वाडीचं त्या वाडीला. शेवटी तेही उरलं नाही, म्हणून तर तो इथं होता. भिवानं हसणं पुसलं आणि कोपऱ्यातली आपली पराणी उचलून त्याच्यापुढं टाकली. वेताची काठी, टोकाला लोखंडी आर. "ही ने. मारायचा नाय, नुसता टोचायचा. एकदाच टोच. जलमभर ध्यानात ठेवील. आन् नसंल होत तुज्यानी, तर तो तेली विचारत होता तुज्या बैलाला. घान्याला बरा हाय. तिकडं चढच नाय."

डोळ्यांना झापडं लावून गोल गोल फिरणारा चांद्या गुणाजीच्या डोळ्यांपुढं आला आणि ताटातली पेज गार होऊन गेली. परवाना नाही तर उतारू नाही. उतारू नाही तर पेंढा नाही. पावसाच्या आत काही झालं नाही तर चांद्या तेल्याकडं आणि आपण बंदरावर पोती वाहायला. म्हणजे बैल राखायचा तर बैलाला टोचायचं. हे सरळ होतं, सगळ्यांना दिसत होतं, ठमाबाईलाही दिसत होतं. तिनं पराणी उचलून भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "एक डाव टोचलास तं काय मरनार नाय तो."

मरणार नाही हे गुणाजीलाही ठाऊक होतं. त्याची भीती निराळी होती, आणि ती या दोघांना सांगण्यासारखी नव्हती.

घाटातल्या गाडीवानांची रीत होती. चढाच्या तोंडाशी गाडी उभी करायची, उतरायचं, माती कपाळाला लावायची. मालाचं ओझं बैलाच्या नशिबाचं, पण माणसाचं ओझं माणसानं आपल्या पायावर न्यायचं. गुणाजीच्या बापानं त्याला हे शिकवलं, आणि गुणाजीनं लग्नानंतर तुळसाला. तुळसा घरी बसणारी नव्हती. मूल झालं नाही, मग ती गाडीवरच संसार करायला लागली; मागं पोत्यांवर बसून यायची, चुलीची तीन भांडी बरोबर. चढ आला की पुढून गुणाजी उतरायचा, मागून ती. तो चांद्याच्या डाव्या अंगाला, ती उजव्या, दोन बैलांच्या मधल्या फटीत. दोघांचे दोन हात पाठीवर पडले की चांद्या निघायचा, आणि चांद्या निघाला की भिंगऱ्या. तुळसा तोंडानं म्हणायची,

चढणीच्या तोंडावरी, खाली उतरू दोघं
माझ्या चांद्याच्या खांद्याला, नको माणसाचं ओझं

पहिली ओळ चढाच्या पायथ्याशी, दुसरी पहिल्या वळणावर, आणि मग सगळा घाट तेच फिरून फिरून, दम लागला की मध्येच तोडून, दम आला की पुन्हा जोडून. आवाज काही गोड नव्हता तिचा. थोडा फाटका, सकाळच्या हवेसारखा. पण त्या आवाजाला चांद्याचा कान मागं वळायचा. अजून वळतो. चढ आला की अजूनही एक कान मागं टाकून तो उभा राहतो. लोकांना वाटतं, अडेलतट्टू आहे.

दोन सालांमागं घाटाखाली कसाऱ्याला तिला ताप भरला. सकाळी नुसती कणकण, दुपारी डोळे लाल. वैदू नाही, ओळखीचं कुणी नाही. माथ्यावर माहेर होतं, आई होती तिची. गुणाजीनं गाडीत गवत अंथरलं, वर घोंगडी, तिला निजवलं आणि निघाला. आगगाडीत बसवावं हे त्याच्याही मनात आलं नाही, तिच्याही नाही. आगगाडी ही त्यांची सवतच होती. घाटाच्या तोंडाशी चांद्या थांबला. गुणाजी उतरला, माती लावली, हात ठेवला. चांद्या हलला नाही. गुणाजीनं पुन्हा हात ठेवला, मग दोन्ही हात ठेवले, एक डावीकडून, एक वरून पलीकडं घालून उजवीकडून. जनावराला फसवता येत नाही. एक कान मागं, नजर खाली, उभा. ऊन माथ्यावर. समोरच्या डोंगरातून आगगाडी धूर सोडत वर गेली आणि तिचा आवाज दरीत कितीतरी वेळ फिरत राहिला. गुणाजी बोलला, विनवलं, शेपूट पिळायला हात उचलला आणि खाली घेतला. गाडीच्या साट्याखाली पराणी होती. बापाच्या वेळची, कधी न वापरलेली, गंजलेली. त्याचा हात तिथवर गेला. तिथंच राहिला. तेवढ्यात मागून तुळसा म्हणाली, "मला बलावतोय त्यो."

"पडून ऱ्हा गं. चालंल त्यो आत्ता."

"न्हाई चालायचा. मला ठावं हाय न्हवं. आन् तुम्ही मारू नगा त्याला. माझी आन हाय."

ती उतरली. घोंगडी अंगाभोवती घेऊन, गाडीच्या कडेला धरत धरत पुढं आली आणि उजव्या अंगाला हात ठेवला. चांद्या लगेच निघाला. इतका लगेच, इतक्या आनंदानं, की त्याच्या गळ्यातली घंटा वाजली. पहिल्या वळणाशी ती ओवी म्हणायला लागली, पण दुसरी ओळ लागली नाही तिला. तिसऱ्या वळणाशी गुणाजीनं तिला पाठुंगळी घेतलं. पाठुंगळी घेतलं तरी तिचा एक हात चांद्याच्या पाठीवर पोचलेला होता. तो सोडला की बैल थांबत होते. माथ्याजवळच्या घाटनदेवीच्या पायरीशी तो हात आपोआप सुटला.

सासू रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "एक पराणी मारायची व्हतीस. का न्हाई मारलीस?" आणि गुणाजी म्हणाला, "मारली आसती तरी चढला नसता त्यो. मला ठावं हाय. जीव गेला आसता पर चढला नसता." हे तो तिला म्हणाला, भावाला म्हणाला, वाडीत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला म्हणाला. म्हणता म्हणता ते वाक्य त्याला घरासारखं झालं. बाहेर कितीही वारं सुटो, त्या वाक्याच्या आत शिरून बसलं की झोप लागत होती. चढला नसता. मग आपण काय करणार होतो? पुढं चांद्या हळूहळू एका हातावर चालायला शिकला. उजव्या अंगाला गुणाजीनं मात्र पुन्हा हात लावला नाही. पाणी घालताना, खरारा करताना लावायचा तेवढाच. चढावर नाही.

आणि आता भिंतीला भिवाची पराणी टेकलेली होती. पंधरा दिवस ती तिथं होती. गुणाजी आत जाताना तिच्याकडं बघायचा नाही आणि बाहेर येताना ती त्याच्याकडं बघायची. चांद्याला न टोचता शिकवता येईल का ते त्यानं बघितलं. पहाटे बंदराच्या चढाशी न्यायचा, वर बसून राहायचा, कासरा हलवायचा, चुचकारायचा. चांद्या कान मागं टाकून उभा. एकदा घटकाभर तसेच दोघं राहिले. वरून कोळणी पाट्या घेऊन उतरत होत्या, त्यातली एक म्हणाली, "रुसलाय गो कुनीतरी, पन दोघांतला कोन ता समजंना." शेवटी गुणाजीच उतरायचा. उतरताना त्याला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं याची लाज. परवाना मिळावा असं त्याला पोटातून वाटत होतं, आणि चांद्यानं चढू नये असंही तिथूनच वाटत होतं. टोचलं, आणि तो चढला तर? या 'तर'पाशी त्याचं मन रोज येऊन थांबे, चारी पाय रोवून.

पंधराव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पडत नव्हतं. विश्रामराव वेळेवर आले, छत्री घेऊन चढले. "काय, झाली तयारी?" त्यांनी विचारलं. गुणाजीनं मान हलवली. पराणी मांडीशी आडवी होती. स्टेशनापासून बंदरापर्यंत सगळं ठीक झालं. वळणं नीट, समोरून गाडी आली तर बाजू नीट, हाळी नीट. विश्रामराव मधूनमधून कागदावर काहीतरी टिपत होते. बंदरावर गाडी फिरवली. चढ समोर दिसायला लागला. गुणाजीच्या मनात आलं, आज चांद्या न थांबता जाईल, देवा तसं कर, आपणहून जाऊ दे. पण चढाच्या तोंडाशी चांद्या थांबला. एक कान मागं वळला.

"हं," विश्रामराव मागून म्हणाले.

गुणाजीचे पाय खाली उतरायला निघाले. त्यानं ते दोन्ही पाय एकमेकांत अडकवून धरले, जसं दाव्याला दावं अडकवतात. "चल," तो म्हणाला. "चल रं." कान तसाच. तो काय ऐकायला थांबलाय ते एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाच्या हातात पराणी होती. "चल रं माझ्या राजा, चल की, घान्याला जातूस व्हय?" त्याचा आवाज फाटला. विश्रामराव खाकरले. कागदाची घडी घालायचा आवाज आला. गुणाजीनं डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं पुढं कितीदा वाटलं त्याला.

एकदाच. फार जोरात नाही.

चांद्या पुढं सरकला. क्षणभर त्याची पाठ वाकडी झाली, अंगावरून शहारा गेला, आणि मग तो चढला. सरळ, न थांबता, खुरांनी खडी मागं उडवत, पहिलं वळण, दुसरं वळण, वर बाजारपेठेच्या तोंडापर्यंत. घंटा वाजत होती. इतका सोपा चढ होता तो. गुणाजी वर बसला होता, कासरा हातात होता, गाल ओले झाले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बघ," विश्रामराव उतरता उतरता म्हणाले, मायेनंच म्हणाले. "एका टोचणीचं काम होतं. उगीच पंधरा दिवस घालवलेस."

बिल्ला मिळाला. ठमाबाईनं राखेनं घासून दिला, स्वतः त्याच्या अंगरख्याला लावला, लांब होऊन बघितलं. "आता कसा, गाववाला झालास!" भिवानं पाठीत थाप घातली, पराणी परत घेतली नाही, राहू दे तुलाच, म्हणाला. गुणाजी अंगणात चांद्यापाशी गेला. त्याच्या मागच्या मांडीवर रक्ताचा एक थेंब आला होता, वाळून मोहरीएवढा झाला होता, त्यावर हळद चेपली. तेवढंच. तेवढ्याच पुरती जखम. एवढ्याशा मोहरीएवढ्या दुखण्यापायी तुळसा उतरली होती, घोंगडी ओढत, कडेला धरत. मारली असती तरी चढला नसता. त्यानं ते वाक्य मनाशी म्हणून बघितलं. घराच्या जागी नुसती चौकट उभी होती, आणि वारं आरपार जात होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भाड्याचे उतारू बंदरावर सोडून तो रिकामा छकडा घेऊन फिरला. आत कुणी नव्हतं. नेम उतारू असतानाचा; रिकाम्या गाडीला नेम नव्हता. आता उतरू, त्यानं ठरवलं, आता रीतीनं उतरू, माती लावू, हात ठेवू. चढाच्या तोंडाशी तो पुढं सरकून बसला. चांद्या थांबला नाही. दोन्ही कान पुढं, मान ताठ, चढाला लागला. "थांब," गुणाजी म्हणाला, "थांब रं, म्या उतरतुया." चांद्यानं चाल वाढवली. गुणाजीनं चालत्या छकड्यावरून उडी टाकली, गुडघा खडीवर आपटला, तसाच उठून धावला आणि डाव्या अंगाला पाठीवर हात टेकला. माशी बसावी तशी हाताखालची कातडी थरथरली. चांद्या चालतच राहिला. बिल्ला धावण्यात छातीवर आपटत होता. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, गुणाजी पुढून वळसा घालून पलीकडं गेला, उजव्या अंगाला, आणि दोन सालांत जिथं कुणी चढावर हात ठेवला नव्हता तिथं त्यानं हात ठेवला. तोंडातून शब्द आले, त्याच्या जाड्याभरड्या आवाजात, खाली उतरू दोघं.

चांद्या थांबला. चढाच्या अगदी मध्यावर, जिथं कधी कुणी थांबत नाही तिथं. कान मागं गेला. मग त्यानं सावकाश मान वळवली आणि उजवीकडं कोण आलंय ते बघितलं. गुणाजीला त्यानं बराच वेळ बघितलं. बघितलं, मान पुढं केली, आणि चालू लागला.